ब्रॉडवेची तिकिटं इथून काढावीत का?

प्रश्न: लेकीकडे न्यू जर्सीला जातोय. न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर, म्हणजे तिथल्या नाट्यगृहांच्या भागात, दोन नाटकं बघायची आहेत. तिकिटं पुण्यातूनच काढावीत का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर: जे चुकवायचंच नाही, त्याचं इथूनच काढा, तेही नाटकाच्या अधिकृत संकेतस्थळावरून, कारण फेरविक्रीत भाव फुगतो. दुसऱ्याचं तिथे बघा. टाइम्स स्क्वेअरला लाल पायऱ्यांखाली टीकेटीएसची खिडकी आहे. त्याच दिवसाच्या प्रयोगाची उरलेली तिकिटं तिथे साधारण २० ते ५० टक्के सवलतीत मिळतात. हाउसफुल्ल नाटकांची मात्र आशा नको. सोमवारी बरीच थिएटरं बंद असतात. ‘पार्शल व्ह्यू’ लिहिलेली खुर्ची स्वस्त असली तरी टाळा, रंगमंचाचा एखादा कोपरा झाकला जातो. संगीतिकेला मेझनिनची, म्हणजे पहिल्या बाल्कनीची, पुढची रांग उत्तम. समूहनृत्याची आखणी वरूनच नीट कळते, आणि ती बघण्यासारखीच असते!