बर्मीज मांजरीची पहिली वीण

तुझ्या बर्मीज मांजरीची पहिली वीण घ्यायची म्हणतेस, पण घाई नको गं. आधी नर-मादी दोघांचीही जनुकीय चाचणी करून घे. १९३० साली सॅन फ्रान्सिस्कोत आलेल्या वाँग माऊ या एका मादीपासून ही जात उभी राहिली, त्यामुळे बाहेरून आणलेली मांजरंही आपसात नात्यातली निघतात. रक्तातलं पोटॅशियम घसरवणारा आजार, पिल्लांच्या कवटीतला जीवघेणा दोष, दोन्ही चाचणीत कळतात. वंशावळीच्या कागदावर विसंबू नकोस.

गाभणकाळ साधारण ६५ दिवसांचा. आपल्याकडे आषाढात वीण आली की पिल्लांची जागा कोरडी ठेवताना जीव मेटाकुटीला येतो, ओलीने बुरशी लागते. मी फाल्गुनात घेते.

आणि हिला गडग्यावर मोकळी सोडू नकोस, चिऱ्यांच्या फटीत फुरसं असतं. ही माणसाळू जात आहे, स्वयंपाकघरात तुझ्या पायांतच बसेल. बसू दे.