घरचा कार्बन फूटप्रिंट स्वतः कसा मोजायचा आणि कमी कुठून करायचा?

कार्बन फूटप्रिंट म्हणजे आपल्या वापरामुळे हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड. तो मोजायला ॲपची गरज नाही. विजेचं बिल, सिलिंडरच्या नोंदी आणि पेट्रोलचा हिशेब समोर घेऊन बसा.

आपली बरीचशी वीज कोळशावर तयार होते, म्हणून दर युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरा. पेट्रोलच्या लिटरला २.३ किलो, डिझेलच्या २.७. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर संपेपर्यंत सुमारे ४२ किलो. बेरजेला घरातल्या माणसांनी भागा.

महिन्याला २०० युनिट म्हणजे १४० किलो, तीन सिलिंडरांहून जास्त! म्हणून मी तरी विजेपासूनच सुरुवात करायला सांगेन. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॉट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा) पंखा तीसेक वॉट. रोज बारा तास चालणाऱ्या प्रत्येक पंख्यामागे दिवसाला अर्धा युनिट वाचतं. दोन किलोवॉटचा गीझर अर्ध्या तासात एक युनिट घेतो. सोसायटीच्या गच्चीवर जागा असेल तर सोलर वॉटर हीटरचा विषय सभेत जरूर काढा.

परदेशवारी केली असेल तर ती मात्र आधी मांडा. लांबच्या विमानप्रवासापुढे पंख्यांची वर्षभराची बचत फारच तोकडी पडते. अन्न आणि खरेदी या बिलांत दिसत नाही, पण ताटात टाकलेलं कमी करणं आजपासून जमतं.