आखाजीआधी पुढची खोली : वाचकांचे प्रश्न

संक्रांत झाली की आमच्याकडे घराच्या दुरुस्तीची पत्रं वाढतात. या वेळी बहुतेकांनी पुढच्या खोलीबद्दल विचारलं आहे, आणि बहुतेकांचा खर्च बेताचा आहे. दुकानातले दर गावागणिक बदलतात, म्हणून उत्तरांत रुपयांऐवजी मापं दिली आहेत. ती घेऊन हार्डवेअरच्या दुकानात गेलात की तुमचा आकडा तुम्हालाच काढता येईल.

आमची पुढची खोली १० बाय १२ फुटांची, स्लॅबचं घर. १२ फुटी मागच्या भिंतीला खालून तीन फुटांपर्यंत लोणा लागतो. पुट्टी भरून रंग दिला की पावसाळ्यानंतर पुन्हा पोपडे पडतात. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात, तोवर खोली नीट व्हावी. हातात आठ हजार रुपये आहेत. रंगवाला म्हणतो, खाली तीन फूट ऑइल पेंटचा पट्टा मारा. मारू का?
— एक वाचक, पारोळा

नका मारू. जमिनीतली ओल विटांमधून वर चढते आणि येताना क्षार घेऊन येते. भिंतीच्या पृष्ठभागावर पाणी उडून जातं आणि क्षारांचे स्फटिक तिथेच फुगतात. प्लास्टर भुसभुशीत होतं ते त्यामुळे. ऑइल पेंटने पाणी उडायची वाट बंद झाली की ओल पट्ट्याच्या वर जाऊन फुटते. म्हणजे आज लोणा तीन फुटांवर असेल तर पुढच्या वर्षी चार-साडेचार फुटांवर दिसेल. फरशा, पीव्हीसीचे पॅनल, चिकटवायच्या फोमच्या शीट यांनीही हेच होतं, फक्त दिसायला उशीर लागतो.

पहिला खर्च भिंतीच्या बाहेरच्या बाजूला करा. त्या भिंतीलगत मोरीचं पाणी मुरतं का, नळ गळतो का, कुंड्या ठेवल्या आहेत का, ते पाहा. अंगणात भराव टाकून टाकून माती जोत्याच्या वर आली असेल तर ती खणून जोत्यापेक्षा निदान सहा इंच खाली न्या आणि उतार घरापासून लांब काढा. काळी माती पाणी फार काळ धरून ठेवते, त्यामुळे हे काम टाळून आत कितीही पैसा घातला तरी तो वाया जाईल. या कामाला पैसे जवळजवळ लागत नाहीत, फावडं आणि दोन माणसं लागतात.

मग आतलं काम. ओलीच्या रेषेच्या एक फूट वरपर्यंत, म्हणजे चार फुटांपर्यंत, प्लास्टर विटेपर्यंत फोडा. विटांच्या सांध्यांतला भुसभुशीत माल अर्धा इंच खोल खरवडून काढा. पांढरी पूड कोरड्या ब्रशने झाडा आणि गोळा करून घराबाहेर टाका. भिंत धुऊ नका. धुतली की क्षार विरघळून परत विटेत जातात. हे फोडकाम तुम्ही घरीच करू शकता, मजुरी वाचते. तोंडाला रुमाल आणि डोळ्यांना चष्मा मात्र हवाच.

यानंतर भिंत उघडी राहू द्या. आता फोडली तर होळीपर्यंत कोरडं ऊन-वारं मिळतं, आणि खानदेशात वर्षभरात भिंत सुकायला याहून चांगला काळ नाही. दिवाळीच्या तोंडावर हे काम करणारे इथेच फसतात: पावसाळ्यात पाणी प्यायलेली भिंत तेव्हा वरून कोरडी दिसते, आतून ओली असते. सुकली की नाही ते पाहायला फूटभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर लावून दोन दिवस ठेवा. आतल्या बाजूला थेंब दिसले तर अजून थांबा.

होळीच्या सुमारास प्लास्टर करा, पण नुसत्या सिमेंटचं नको. एक घमेलं सिमेंट, एक घमेलं विझवलेला चुना, सहा घमेली धुतलेली वाळू असा माल घ्या. चुन्यामुळे प्लास्टरमधून ओल बाहेर पडू शकते. १२ बाय ४ फुटांच्या पट्ट्याला, १५ मिलिमीटर जाडी धरून, साधारण १५-१६ किलो सिमेंट, ७-८ किलो चुना आणि अडीच-तीन घनफूट वाळू लागेल. पाणी गोडं वापरा. बोअरच्या खारट पाण्याने माल कालवला तर आपण स्वतःच भिंतीत क्षार भरतो. सात दिवस पाणी मारा, मग महिनाभर रंग नाही, आणि या पट्ट्यावर पुट्टी तर कधीच नाही. पट्ट्याला चुन्याचा हात द्या. बाकीच्या भिंतीशी रंग जुळावा म्हणून बाकीचा रंगही पांढऱ्याजवळचा निवडा, म्हणजे जोड दिसणार नाही.

आता उरलेला रंग. चार भिंती ४४ फूट घेराच्या, उंची १० फूट, म्हणजे ४४० चौरस फूट. दार, खिडक्या आणि हा पट्टा वजा करून साधारण ३४० राहतात. स्वस्तातलं इमल्शन दोन हातांत लिटरमागे ६०-७० चौरस फूट जातं, म्हणजे साडेपाच लिटर लागेल. छताला आणखी दोन. सगळीकडे नवी पुट्टी भरू नका. जुना रंग ओल्या तळव्याने चोळा. हाताला पूड लागली तर तेवढा भाग खरवडून पॉलिशपेपर मारा आणि प्रायमर द्या. पूड लागली नाही तर पॉलिशपेपर आणि फडकं पुरतं. खड्डे भरायला चार-पाच किलो पुट्टी बस्स झाली.

पुट्टी उन्हाळ्यात का उखडते, तेही लक्षात घ्या. तापलेलं प्लास्टर तिच्यातलं पाणी लगेच शोषून घेतं आणि ती पिठूळ राहते. म्हणून आधी भिंतीवर पाण्याचा हलका फवारा मारा, एका वेळी दोन तासांत संपेल एवढीच पुट्टी कालवा. रंगाचं काम सकाळी अकरापर्यंत आणि मग ऊन कलल्यावर करा. पश्चिमेची भिंत सकाळीच उरका, दुपारनंतर ती इतकी तापते की ब्रशचे फराटे तसेच वाळतात. रंगात पाणी डब्यावर लिहिलं आहे तेवढंच घाला आणि ते मापून घाला. अंदाजाने ओतलं की तिसरा हात द्यावा लागतो.

तुमच्या आठ हजारांत सर्वांत मोठी रक्कम गवंड्याची मजुरी असेल. ती आणि प्लास्टरचा माल आधी बाजूला काढा, त्यानंतर रंग. उरलं तर पडदे. सोफ्याला या वर्षी हात लावू नका.

आमच्याकडे श्रावणात कानबाई देवी बसते. तिच्यासाठी घर रंगवायचं, ही रीत आहे. पण श्रावणात भिंती सादळलेल्या असतात, रंग धरत नाही. जुनं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर, मातीच्या भिंती. मुलगा म्हणतो, या वेळी डिस्टेंपर देऊ.
— एक वाचक, शिरपूर तालुका

मातीच्या भिंतीला चुनाच द्या. डिस्टेंपर मातीवर नीट चिकटत नाही. प्लास्टिक रंग चिकटला तरी आतली ओल कोंडतो आणि पापुद्रा मातीचा थर घेऊन खाली येतो. सिमेंटचं प्लास्टरही नको, माती आणि सिमेंट एकमेकांना धरत नाहीत. घर रंगवायची ही रीत चुन्याच्या काळातली आहे आणि श्रावणातल्या सादळलेल्या भिंतीला चुना चालतो, कारण तो ओल्या पृष्ठभागावरच नीट बसतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन तो हळूहळू घट्ट होतो, घाईने वाळला तर उलट झडतो.

कळीचा चुना एक किलो, पाणी पाच लिटर. लोखंडी पिंपात आधी पाणी घ्या आणि त्यात चुन्याचे खडे थोडे थोडे सोडा. उलट केलंत, म्हणजे चुन्यावर पाणी ओतलंत, तर उकळता चुना उसळून अंगावर येतो. प्लास्टिकची बादली वितळू शकते. मुलं जवळ नकोत, डोळ्यांना चष्मा हवा. २४ तास झाकून ठेवा, फडक्यातून गाळा. वीस ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून त्यात घाला, म्हणजे कपड्याला चुना लागत नाही. पांढरेपणा खुलवायला किलोमागे जास्तीत जास्त तीन ग्रॅम नीळ पुरते. त्यापुढे भिंत निळसर दिसते. पातळ तीन हात द्या, दर वेळी आधीचा हात वाळू द्या. एकच जाड हात दिला की त्याच्या खपल्या निघतात.

नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, म्हणून निदान आठवडाभर आधी काम संपवा. भिंतींना पडलेली भोकं आणि छताची गळती मात्र आखाजीच्या आसपासच दुरुस्त करा. धाब्यावर खारी माती टाकायची तीही पावसाच्या आधी. छत गळत असेल तर खाली दिलेला चुना एका पावसात जाईल.

नव्या कॉलनीतलं घर, आठ वर्षांचं. खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघाल्या आहेत. रंगाआधी कशाने भरू?
— एक वाचक, धुळे

आधी भेग हलते आहे का ते पाहा. दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख लिहा आणि मध्यावर रुंदी मोजून ठेवा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि घर तिच्याबरोबर हलतं. त्यामुळे व्हाइट सिमेंट किंवा प्लास्टर ऑफ पॅरिससारखं कडक भरण पुढच्या मे महिन्यात त्याच रेषेवर फुटतं.

केसाएवढ्या ते दोन-तीन मिलिमीटरच्या भेगेला पत्र्याच्या टोकाने पाच मिलिमीटर रुंद आणि तेवढीच खोल खाच पाडा, धूळ ब्रशने काढा, ॲक्रिलिकची क्रॅक फिलर पेस्ट दोन थरांत भरा. पहिला थर पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा देऊ नका, नाहीतर मधोमध खळगा पडतो. वर दोन इंची फायबरची जाळीपट्टी, मग पुट्टी. घराभोवती तीन फूट रुंद कोबा केलात तर पायाजवळच्या मातीत पावसाचं पाणी कमी जाईल आणि भेगा वाढायचं प्रमाण कमी होईल.

भेग पाच मिलिमीटरपेक्षा रुंद असेल, भिंतीच्या आरपार असेल किंवा दार अडकायला लागलं असेल तर रंगाचा विचार सोडा आणि आधी स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवा.

पश्चिमेला मोठी खिडकी. उन्हाळ्यात कूलर लावूनही दुपारी पुढच्या खोलीत बसवत नाही. जाड पडदे घ्यावेत म्हणते. कापड किती लागेल?
— एक वाचक, भुसावळ

पडदे घ्या, पण त्याआधी बाहेरून सावली करा. ऊन काचेतून आत आलं की पडदा तापतो आणि तीच उष्णता खोलीत सोडतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तिथे हा फरक मोठा आहे. शेतीच्या दुकानात मीटरवर मिळणारी हिरवी शेडनेट, ७५ टक्के सावलीची, खिडकीपासून फूटभर अंतर ठेवून बांधा, म्हणजे मधून हवा खेळते. भिंतीला चिकटून बांधली तर उपयोग निम्माही होत नाही.

कूलरसाठी समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं हवं. सगळं बंद ठेवलं की आतली हवा दमट होते, घाम वाळत नाही, आणि कूलर गार करत नाही असं वाटतं. खोलीत शिरलेली हवा बाहेर पडायला वाट मिळाली पाहिजे.

कापड मांजरपाटासारखं जाड सुती घ्या. चार फूट रुंद खिडकीला चुण्यांसह आठ फूट रुंदी लागते. पन्हा ४८ इंच असेल तर दोन तुकडे बसतात. दांडीपासून पडद्याच्या टोकापर्यंतची लांबी अधिक नऊ इंच धरा, वरच्या-खालच्या दुमडीसाठी. कापड शिवण्याआधी रात्रभर भिजवून वाळवा. कोरं सुती कापड आटतं, आणि न भिजवता शिवलेला पडदा पहिल्या धुण्यात खिडकीच्या वर जातो.

लाकडी सोफ्याच्या गाद्या दबल्या आहेत. नवा सोफा की नव्या गाद्या? आणि खोली अंधारी वाटते.
— एक वाचक, नंदुरबार

सांगाडा हलत नसेल तर नव्या गाद्या. बसायच्या गादीला ४० डेन्सिटीचा चार इंची फोम, पाठीला ३२ चालतो. दुकानदार डेन्सिटी न सांगता 'हार्ड' किंवा 'सॉफ्ट' एवढंच सांगत असेल तर दुसरीकडे जा. २२ इंची चौरस गादीला ५४ इंच पन्ह्याचं कापड जवळपास एक मीटर. चेन मागच्या बाजूला आणि गादीच्या पूर्ण रुंदीची घ्या, म्हणजे खोळ काढून धुता येते.

अंधारासाठी छत पांढरं ठेवा आणि २० वॅटची एलईडी ट्यूब लांब भिंतीवर उंच लावा. एका कोपऱ्यात सात वॅटचा पिवळसर दिवा पुरतो.

शहाबादी फरशी काळवंडली आहे. बाथरूम साफ करायचं ॲसिड टाकून घासू का? की वरून व्हिनाइल अंथरू?
— एक वाचक, जळगाव

ॲसिड अजिबात नको. शहाबादी हा चुनखडीचा दगड आहे. ॲसिड पडताच तो फसफसतो, म्हणजे दगडच विरघळत असतो, आणि फरशी खरबरीत होऊन पुढे दुप्पट मळते.

बादलीभर कढत पाण्यात ५० ग्रॅम धुण्याचा सोडा घाला, फरशीवर ओतून दहा मिनिटं ठेवा, काथ्याच्या ब्रशने घासा, दोनदा स्वच्छ पाण्याने पुसा. हातात रबरी मोजे घाला. तेलाचे डाग असतील तर सोड्याचा लगदा करून डागावर रात्रभर ठेवा. फुटलेले सांधे कोरून काढा आणि सिमेंट व चाळलेली बारीक वाळू समप्रमाणात भरून तीन दिवस ओले ठेवा.

व्हिनाइल टाळा. फरशीखालून ओल येत असेल तर ती त्याच्याखाली कोंडते, वास येतो, कडा वळतात. त्यापेक्षा प्लास्टिकच्या चटया घ्या. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचे कारखानेच आहेत, त्यामुळे निवड भरपूर मिळेल. १० बाय १२ च्या खोलीत ६ बाय ९ ची चटई मधोमध टाकली की भोवती फरशीची चौकट राहते. आठवड्यातून एकदा ती उचलून खालची फरशी वाळू द्या.