पायाखालची जमीन : मिनिएचरच्या बेसबद्दल वाचकांचे प्रश्न

मिनिएचर, म्हणजे छोट्या आकृत्या, रंगवण्यावर मागे लिहिलं, तेव्हापासून येणाऱ्या पत्रांत रंगापेक्षा बेसची, म्हणजे आकृतीच्या पायाखालच्या चकतीचीच, विचारणा जास्त आहे. म्हणून या वेळी फक्त तेच.

मी 28 मिमी उंचीचे मावळे अगदी मन लावून रंगवले. बेसवर फेविकॉल, वाळू आणि त्यावर हिरवं गवत टाकलं. आता मावळे सोसायटीच्या लॉनवर उभे असल्यासारखे दिसतात. सह्याद्री कसा आणायचा?
— एक वाचक, नाशिक

आधी मला सांगा, तुमचे मावळे कोणत्या महिन्यात उभे आहेत? बेसचा निम्मा निकाल तिथेच लागतो. आपल्याकडे फौजा पावसाळ्यात छावणीला असायच्या आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघायच्या. म्हणजे स्वारीवरचा मावळा बहुतेक वेळा वाळक्या गवतातच उभा असणार. प्रतापगडची लढाई 10 नोव्हेंबर 1659 ची. जावळीची झाडी हिरवी, पण उघड्या उतारावरचं गवत पिवळं पडायला लागलेलं. कोंढाणा घेतला फेब्रुवारी 1670 मध्ये, तेव्हा गवताचा पार पेंढा. मोठा अपवाद घोडखिंडीचा, म्हणजे पावनखिंडीचा: जुलै 1660, ऐन आषाढ. ती करत असाल तर हिरवं हवं तेवढं वापरा, पण मग चिखलही तेवढाच हवा, आणि मावळ्यांचे पाय पोटरीपर्यंत चिखलाने रंगवायचे. स्वच्छ पायांचा मावळा घोडखिंडीत शोभत नाही.

आता खडक. नदीतले गोल गोटे चिकटवू नका, तिथेच सगळं फसतं. सह्याद्री लाव्हाच्या थरावर थर साचून झालेला आहे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. राजगडाचा कडा लांबून पाहिला तर आडव्या पट्ट्या दिसतात: उभा कातळ, मग गवताची पायरी, पुन्हा कातळ. बेसवरही हेच करायचं. 3 ते 5 मिमी जाडीचा कॉर्क घ्या आणि हाताने तोडा. कटर लावलात की कडा भिंतीसारखी दिसते. तुकडे एकावर एक ठेवताना सगळे आडवेच बसले पाहिजेत. एक जरी तिरका झाला तरी तो कड्यावरून निखळून पडलेला दगड वाटतो. तसा एखादा मुद्दाम ठेवायला हरकत नाही, पण कड्याच्या पायथ्याशी. तिथेच कॉर्कचा चुरा आणि चहाच्या गाळणीतून चाळलेली वाळू टाका.

माप सतत डोक्यात असू द्या. 28 मिमीच्या आकृतीला एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या जमिनीवरचे जवळजवळ सहा सेंटिमीटर. तुमच्या वाळूचा दोन मिमीचा खडा म्हणजे नारळाएवढा धोंडा झाला! म्हणून वाळू चाळून घ्या, आणि सगळी एकाच जाडीची नको.

रंगाला नुसता करडा घेऊ नका, सिमेंट दिसेल. काळ्यात बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) मिसळून सगळा कॉर्क भरून काढा, फटींतसुद्धा. वाळल्यावर जुना, केस पसरलेला चपटा ब्रश घ्या. करड्या-तपकिरी रंगात टेकवा आणि जुन्या बनियनच्या फडक्यावर पुसत राहा, ब्रश कोरडा वाटेपर्यंत. मग तो कॉर्कवरून हलकेच आडवा फिरवा. पहिल्या दोन-तीन हातांत काहीच होत नाहीये असं वाटतं, आणि इथेच लोक धीर सोडून रंग वाढवतात. वाढवू नका. चौथ्या-पाचव्या हाताला कडा उजळायला लागतात आणि फटी काळ्याच राहतात. शेवटी फिकट राखाडी-हिरव्या रंगाचे दोन-चार ठिपके स्पंजच्या तुकड्याने टेकवा. ते दगडफूल. चारच, हळदीकुंकवाच्या सड्यासारखे नकोत.

वाळक्या गवताला मी काथ्याच वापरतो. सुंभाचा तुकडा उसवायचा, दहा-पंधरा तंतूंची जुडी करून टोक फेविकॉलमध्ये बुडवायचं, खडकाच्या फटीत खोचायचं आणि सुकल्यावर कात्रीने वेडंवाकडं छाटायचं. 12 मिमी उंची म्हणजे मावळ्याच्या मांडीपर्यंत, आणि डोंगरउतारावर गवत तेवढं असतंच. विकतचं स्टॅटिक ग्रास (बारीक तंतूंचं नकली गवत) घेतलंत तर चिमटीने नुसतं भुरभुरवू नका, ते आडवं पडतं. डबीत घालून जोरात हलवा आणि डबीच्या तोंडाने झटक्यात शिंपडा. निम्मं तरी उभं राहतं. अर्धा बेस मोकळा सोडा. जमीनही दिसली पाहिजे.

आमच्याकडे जांभा. तो बेसवर कसा दाखवू?
— एक वाचक, रत्नागिरी

तुमचं काम सोपं आहे. एम-सीलचा थर द्या आणि ओला असतानाच जुन्या टूथब्रशने टोचत जा, थोड्या ठिकाणी सुईनेही. जांभ्याची भोकं सारखी नसतात, त्यामुळे हात जितका बेशिस्त चालेल तितकं चांगलं. चिऱ्याची गडगी दाखवायची तर दीड फुटी चिरा म्हणजे 8 मिमीचा तुकडा. रंग विटकरी-तपकिरी, आणि भोकांत काळपट वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ रंग, सोडा. वरून वाण्याकडे मिळणारा गेरू बारीक चाळून मऊ ब्रशने फिरवा. त्याची लाल धूळ कुठल्याही बाटलीतल्या रंगाला येत नाही. फक्त वर मॅट वार्निश मारा, नाहीतर बेस हातात घेणाऱ्या प्रत्येकाची बोटं लाल होतील.

पावसाळ्यात एमडीएफचे (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचे) बेस वाकडे झाले आणि दोन बेसवर बुरशी आली. घराला ओल नाही.
— एक वाचिका, डोंबिवली

घराला नसेल, हवेला आहे. एमडीएफ एका बाजूने फेविकॉलचं पाणी पितं, ती बाजू सुकताना आकसते आणि चकती वाटीसारखी वळते. काम सुरू करण्याआधी दोन्ही बाजूंना आणि कडेला प्रायमरचा किंवा साध्या अॅक्रिलिकचा हात द्या. आता वाकलेले असतील ते मागून ओलसर करून दोन दिवस जड पुस्तकाखाली ठेवून पाहा. खूपच वाकले असतील तर आकृती सोडवून नवीन चकतीवर घ्या, त्यात जीव अडकवू नका.

बुरशी बहुतेक तुम्ही वापरलेल्या बागेतल्या मातीमुळे किंवा वाळक्या पानांमुळे. अशी कुठलीही गोष्ट आधी लोखंडी तव्यावर मंद आचेवर भाजून घ्यायची, गार झाल्यावर चाळायची आणि मगच वापरायची. घरातले ओरडतील म्हणून तवा वेगळा ठेवा. आणि जुलैत स्प्रे वार्निश मारू नका. दमट हवेत त्यावर पांढरी साय धरते आणि सगळी मेहनत धुक्यात जाते. ब्रशने लावायचं वार्निश बरं.

काका, मी आठवीत आहे. दिवाळीत किल्ला केला होता. हळीव पेरला तर तो इतका वाढला की मावळे दिसेनात. या वर्षी काय करू?
— साताऱ्याहून

अरे, तुझा मावळा बोटभर आणि हळीव पाच सेंटिमीटर, म्हणजे बिचारा छातीपर्यंत गवतात! या वेळी हळीव वसुबारसेच्या चारच दिवस आधी पेर, आणि फक्त खाली, दरीत. तिथे तो जंगल वाटतो. तटाजवळ आणि मावळ्यांच्या पायाशी रंगवलेला लाकडाचा भुसा टाक: सुताराकडून आण, पोस्टर कलरच्या पाण्यात भिजव, कागदावर वाळव आणि चाळ. हिरव्याबरोबर थोडा पिवळा आणि तपकिरीही कर. एकाच रंगाचा भुसा गालिचा दिसतो. मोठे मावळे पुढे आणि लहान मावळे वर माचीवर ठेवलेस तर किल्ला आहे त्यापेक्षा उंच वाटेल. थर्माकोल वापरलास तर त्यावर स्प्रे पेंट नको, तो विरघळतो. बुरुजांना माती आणि पोत्याचं फडकंच बरं. आजी सांगत असेल, तिचं ऐक.

फेविकॉलचे थर देऊन ओढा केला. सुकला तेव्हा छान होता, नंतर दुधाळ झाला.
— एक वाचक, पुणे

पांढरा फेविकॉल ओल धरतो आणि पुन्हा पांढरा पडतो, पाण्यासाठी तो कामाचा नाही. खरवडून काढा आणि दोन भागांचं क्लिअर एपॉक्सी रेझिन घ्या. पात्राला आधी वार्निश द्या, नाहीतर मातीतली हवा बुडबुडे होऊन वर येते. रेझिन पाकिटावर सांगितलेल्या प्रमाणातच मिसळा, अंदाजाने नाही, आणि एका वेळी दोन-तीन मिमीच ओता. वर डबा पालथा घाला, धूळ बसत नाही. निळा रंग घालू नका. पावसातला ओढा चहाच्या रंगाचा असतो. उन्हाळ्यातला असेल तर रेझिनला रंगच नको, तळ तेवढा मधोमध गडद रंगवा.

वॉरहॅमर (मिनिएचर घेऊन खेळायचा युद्धाचा खेळ) खेळतो. सुंदर दिसावा म्हणून 32 मिमीऐवजी 50 मिमीचा बेस दिला तर चालेल का?
— एक वाचक, ठाणे

कपाटात ठेवायचा असेल तर खुशाल. खेळायचा असेल तर नाही: अंतर बेसच्या कडेपासून मोजतात, त्यामुळे समोरचा हरकत घेईल आणि त्याचं बरोबर असेल. 32 मिमीतच उंची वाढवा, एक-दोन थर कॉर्क पुरे. खडक कडेबाहेर येऊ देऊ नका, शेजारची आकृती चिकटून उभी राहत नाही. आणि कड काळी किंवा गडद तपकिरी, एकाच रंगात साफ रंगवा.