रत्नागिरीत दहा हजारांच्या आत टिकाऊ मॉनिटर कोणता घ्यावा?
२४ इंची, १९२० बाय १०८० पिक्सेलचा, आयपीएस पॅनेलवाला (बाजूने पाहिलं तरी रंग नीट दिसणारा पडदा) बघा. ऑफिसकाम आणि मुलांचा अभ्यास दोन्हीला पुरतो. टीएन पॅनेलमध्ये बाजूने पाहिलं की रंग उतरतात, ते नकोच.

ब्रँडपेक्षा मी सर्व्हिसला महत्त्व देईन. वॉरंटी तीन वर्षांची हवी. पैसे देण्याआधी कंपनीला फोन करून, पिनकोड सांगून, माणूस घरी येतो का ते विचारा. नाहीतर पॅनेल गेलं की खोकं घेऊन कोल्हापूर गाठायचं!

आपली खारी हवा मागचे पोर्ट (केबल जोडायच्या जागा) खाते, हिरवट थर धरतो. त्यामुळे समुद्राकडच्या खिडकीशी ठेवू नका. पावसाळ्यात ओल धरू नये म्हणून रोज थोडा वेळ चालू ठेवा. लाइट सारखी ये-जा करत असेल तर यूपीएस घ्याच, आणि विजा कडाडायला लागल्या की प्लग काढा.