पहिल्या शेवटावर मत बनवू नकोस

राजारामपुरी, कोल्हापूर

प्रिय भावा,

'नियर: ऑटोमेटा' हा व्हिडिओ गेम संपवलास आणि लगेच कळवलंस, की गाणी भारी, जग भारी, पण मारामारी म्हणजे नुसती बटणं बडवायची. हे मत अजून कच्चं आहे. तू थांबलास तो शेवट 'ए'. या गेमला इंग्रजी अक्षरांचे 26 शेवट आहेत. त्यातले बरेचसे गमतीचे आहेत, पण 'ए' ते 'ई' हे पाच मिळून खरी गोष्ट पुरी होते. तीच सेव्ह फाईल पुन्हा लोड कर. दुसऱ्या फेरीत 9एस हे दुसरं पात्र हातात येतं. त्याच्याकडे जड हल्ला नाही, त्या बटणावर हॅकिंग आहे, म्हणजे शत्रूच्या यंत्रणेत घुसणं. प्रसंग बरेच तेच असले तरी लढायची रीत पार बदलते. तिसऱ्या फेरीत तर कथाच नवी आहे.

आता मारामारीचं. आधी सेटिंग बघ. चिपा म्हणजे पात्राला लावायच्या, त्याची क्षमता बदलणाऱ्या वस्तू. 'ईझी' या सोप्या लेव्हलवर ऑटो चिपा मिळतात, त्या लावल्या की हल्ला, गोळीबार, चुकवणं सगळं गेम स्वतः करतो. 'बटणं बडवली आणि जिंकलो' असं वाटलं असेल, तर ते काम बहुतेक त्यांचंच. त्या काढ आणि 'नॉर्मल'वर ये. 'हार्ड'ची घाई नको, तिथं शत्रूवर लॉक-ऑन, म्हणजे नेम धरून ठेवणं, होत नाही. 'व्हेरी हार्ड'वर एका फटक्यात खेळ खलास.

हॉलमधल्या टीव्हीवर खेळत असशील तर गेम मोड, म्हणजे टीव्हीचं चित्र उशीर न करता दाखवायचं सेटिंग, चालू आहे का ते तपास. सेकंदाला 60 फ्रेम म्हणजे एक फ्रेम साधारण 16.7 मिलिसेकंदांची. गेम मोड बंद असलेला टीव्ही सहज 50 ते 100 मिलिसेकंद उशीर करतो, म्हणजे तू तीन ते सहा फ्रेम मागं असतोस. मग वेळेवर चुकवूनही फटका बसतो, आणि माणूस वैतागून बटणं बडवायला लागतो.

या गेमचा गाभा चुकवण्यातच आहे. खासबागेत कुस्त्या बघतोस ना? समोरच्यानं अंगाचा भार टाकला की त्याच क्षणी डाव बसतो, आधी नाही आणि नंतरही नाही. इथंही फटका लागायच्या ऐन क्षणी चुकवलंस तर पात्राची आकृती धूसर होते. लगेच हल्ल्याचं बटण दाब, उलटा वार निघतो. शिकताना 'ओव्हरक्लॉक' चिप लाव, नेमकं चुकवल्यावर वेळ मंदावते. एकाच शत्रूवर सराव कर, पॉडचा, म्हणजे सोबत उडणाऱ्या छोट्या यंत्राचा, गोळीबार बंद ठेवून, म्हणजे नजर त्याच्या हालचालीवर राहील. हा गेम बनवणाऱ्या प्लॅटिनमगेम्सच्या लोकांनी वेगाचं हे गणित किती बारकाईनं बसवलंय, ते तेव्हा कळतं.

चिपांची जागा जास्तीत जास्त 128 पर्यंत वाढते, तरी ती पुरत नाही. एकाच प्रकारच्या, एकाच पातळीच्या दोन चिपा जोडल्या की पुढची पातळी मिळते, पण जोडलेली चिप किती जागा खाणार हे त्या दोघींच्या जागेवर ठरतं. मिळेल ती चिप जोडत सुटलास तर ताकद वाढते आणि जागा संपते. कमी जागेच्या बाजूला ठेव, त्याच जोड. पात्राला चालवणारी 'ओएस' चिप मात्र गंमत म्हणूनही काढू नकोस. काढलीस की तिथंच एक शेवट लागतो, आणि सेव्ह न केलेलं सगळं जातं.

ऑटोसेव्ह इथं नाहीच. वळवाच्या पावसात आपल्याकडं लाईट कशी जाते ते तुला माहीत आहे, तेव्हा ॲक्सेस पॉईंट, म्हणजे सेव्ह करायचं ठिकाण, चालू झाला की आधी सेव्ह. मेलास तर पात्र नव्या शरीरात परत येतं, पण लावलेल्या चिपा जुन्या शरीरापाशीच राहतात. तिथं पोचायच्या आत पुन्हा मेलास तर त्या कायमच्या गेल्या.

पीसीवर खेळणार असशील तर गेम आला तेव्हाचे, 2017 चे सल्ले जपून वाच. फुलस्क्रीनला चित्र धूसर दिसायचा घोळ 2021 च्या अपडेटनं मिटवला.

हे सगळं झाल्यावर मत लिही, आणि कुठल्या लेव्हलवर, कुठल्या चिपा लावून, कशावर खेळलास तेही त्यात लिही. नाहीतर वाचणाऱ्याला त्या मताचा उपयोग नाही.

'सी' आणि 'डी' दोन्ही बघितल्यावरच 'ई' उघडतो. त्याच्या अखेरीस तुला एक प्रश्न विचारतील. तो खराखुरा आहे, 'हो' म्हटल्यावर मागं फिरता येत नाही. शस्त्रं, मासेमारी, राहिलेल्या साईड क्वेस्ट, जे करायचं असेल ते त्याच्या आधी उरकून घे.

तुझा,
दादा