ग्राहकांना स्वतःची एसक्यूएल क्वेरी चालवू द्यायची, तर डेटाबेस कसा सांभाळायचा?

तुमचं बिलिंग अ‍ॅप पोस्टग्रेसवर आहे, सगळ्या ग्राहकांचा डेटा एकाच डेटाबेसमध्ये आहे, आणि रिपोर्टसाठी त्यांना स्वतःची क्वेरी, म्हणजे एसक्यूएल भाषेत डेटाबेसला विचारलेला प्रश्न, लिहू द्यायची आहे. 'सिलेक्ट'ने (डेटा वाचायच्या आज्ञेने) सुरू होणारीच क्वेरी घेतली तर भागेल का, असं विचारलंय. नाही भागणार. सिलेक्टमधूनही डेटा बदलणारं फंक्शन बोलावता येतं. 'विथ'ने सुरू होणाऱ्या, म्हणजे आधी मधला निकाल काढून मग तो वापरणाऱ्या क्वेरी अडवल्यात तर बरेचसे रिपोर्ट लिहिताच येणार नाहीत, आणि सोडल्यात तर त्यांच्या पोटात डिलीट बसू शकतं. शब्द गाळायच्या नादी लागू नका, परवानग्यांचं डेटाबेसवर सोपवा.

खरी गोम पुढे आहे. एका ग्राहकाला दुसऱ्याची बिलं दिसू नयेत म्हणून पोस्टग्रेसमध्ये आवृत्ती ९.५ पासून रो लेव्हल सिक्युरिटी आहे, म्हणजे टेबलातल्या कोणत्या ओळी कोणाला दिसतील ते ठरवायची सोय. ती लावताना बहुतेक जण ग्राहकाचा आयडी सेशनच्या (चालू कनेक्शनच्या) सेटिंगमध्ये ठेवतात आणि पॉलिसी, म्हणजे ओळी गाळणारा नियम, तो वाचते. क्वेरी तुमच्या असतील तोवर ठीक. इथे क्वेरी लिहिणारा परका माणूस आहे. त्याने सेटिंग बदलणारं 'सेट_कॉन्फिग' फंक्शन बोलावून आयडी बदलला की तो झाला दुसरा ग्राहक! म्हणून प्रत्येक ग्राहकाला वेगळा लॉगिन रोल (डेटाबेसमधलं खातं) द्या, फक्त लागतील त्या टेबलांवर सिलेक्टची परवानगी द्या, आणि पॉलिसी 'करंट_यूजर'वर (क्वेरी चालवणाऱ्या रोलच्या नावावर) लिहा. अ‍ॅपच्या लॉगिनने जोडून मग 'सेट रोल'ने ग्राहकाचा रोल घेणं नको, 'रिसेट रोल' म्हटलं की तो परत मूळ रोलवर. रोलची नावं सगळ्यांना दिसतात, तेव्हा त्यात कंपनीचं नाव घालू नका.

स्टेटमेंट टाइमआउट (क्वेरी किती वेळ चालू द्यायची ती मर्यादा) लावाच, पण तोही वापरणाऱ्याला बदलता येतो. त्यामुळे प्रत्येक क्वेरीला नवं कनेक्शन द्या आणि लांबलेल्या क्वेरी बाहेरून मारणारा छोटा जॉब ठेवा. टेम्प फाइलची (क्वेरी चालताना डिस्कवर बनणाऱ्या तात्पुरत्या फाइलींची) मर्यादा मात्र साध्या रोलला बदलता येत नाही, ती जरूर घाला.

हे सगळं रीड रेप्लिकावर, म्हणजे मुख्य डेटाबेसच्या फक्त वाचायच्या प्रतीवर चालवा. तिथे लिहिणं शक्यच नसतं आणि मुख्य सर्व्हरवर ताण येत नाही. फक्त तिथे लांब क्वेरी मूळ डेटातल्या बदलांच्या आड आली तर डिफॉल्टने ३० सेकंदांत रद्द होऊ शकते. तो एरर ग्राहकाला समजेल अशा भाषेत दाखवा.

मुळात त्यांना तारीख आणि चार कॉलमच निवडायचे असतील, तर एसक्यूएल देऊच नका, फॉर्म द्या. द्यायचंच ठरलं, तर आधी एका ग्राहकाच्या लॉगिनने स्वतः बसून दुसऱ्याची बिलं काढायचा प्रयत्न करून बघा.